चर चार, थर तीन

मी एक गोटा बोलतोय. मुठीत मावेन एवढा, काळसर, कमरेला तांबूस पट्टा असलेला. दगड बोलतो म्हणून दचकू नका. तुमच्यातली निम्मी माणसं विचार न करता बोलतात. मी चार लाख वर्षं विचार करून तोंड उघडलं तर काय बिघडलं?

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. एका डोंगराचा कडा सुटला, त्यातला एक तुकडा मी. खाली नदी होती. तिनं मला लोळवून लोळवून माझे कोपरे घालवले. ‘नदीनं दगड घडवला’ असं तुम्ही मोठ्या कौतुकानं लिहिता. तिनं काही घडवलंबिडवलं नाही. तिला उतार होता आणि मी वाटेत होतो.

मग एका माणसानं मला उचललं. त्याला तुम्ही आदिमानव म्हणता, आणि त्याचं नाव काढताना तुमचा आवाज असा हळवा होतो की जणू सख्खा आजोबाच. मी त्याच्या मुठीत राहिलोय, मला विचारा. नाक शिंकरून हात माझ्यावर पुसायचा. मांडीवर एक मोठा दगड धरायचा आणि माझ्या टोकानं त्याच्या कडेवर ठोसे द्यायचा. छिलके उडायचे, आणि उरायची ती हातकुऱ्हाड. उरली तर. दहांतल्या सहा मधेच मोडायच्या. मोडली की तो मला जमिनीवर आपटायचा, चूक माझीच असल्यासारखा. तुम्ही त्याचेच वंशज आहात याविषयी मला कधी शंका आली नाही.

त्या ठोशांनी माझ्या टोकाला बारीक बारीक टवके उडाले आणि बाजूला, अंगठा टेकायचा तिथे, उथळ खळगा पडला. माझ्यासारख्याला जाणकार लोक हातोडा-दगड म्हणतात. कुऱ्हाड काचेच्या पेटीत जाते, हातोडा ढिगाऱ्यात. तुमच्याकडे मार देणाऱ्याचं कौतुक असतं असं ऐकून होतो. आमच्या बाबतीत तेवढंही नाही.

एक दिवस तो मला काठावर टाकून गेला आणि परत आला नाही. पूर आले, गाळ बसला, गाळावर गाळ बसला. ती माझी सुखाची वर्षं. अंधार होता, शांतता होती आणि माणूस नव्हता.

ते सुख मोडलं मोठ्या सरांनी.

मोठे सर म्हणजे उत्खननाचे प्रमुख. गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, डोक्यावर रुंद काठाची टोपी, आणि वाक्याची सुरुवात ‘माझ्या मते’नं. त्यांनी टेकडीच्या पायथ्याशी छावणी ठोकली, जमिनीवर सुतळीचे चौकोन आखले आणि चर खणायला घेतले. चौथ्या चरात, वरून दुसऱ्या थरात, एका मजुराच्या कुदळीला मी लागलो. दुसरा थर, लक्षात ठेवा. मजुरानं मला पुसून वर धरलं.

“सर, हा?”

सर तेव्हा पलीकडच्या चरात एका हातकुऱ्हाडीचा फोटो काढत होते. मान अर्धी वळवली.

“गोटा आहे. टाक.”

तीन शब्दांत माझा निकाल लागला. घमेल्यात बसून मी उपसलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावर गेलो. वाईट वाटलं का? छे. चार लाख वर्षं वाट बघून भेटायचं आणि भेटायचं ते मान अर्धी वळवणाऱ्याला, याचं हसू मात्र आलं.

तिसऱ्या दिवशी ढिगाऱ्याजवळ मावशी आली. ती छावणीची स्वयंपाकीण, बावीस माणसांचं खाणंपिणं तिच्या एकटीच्या हातावर. सामान हलवताना तिचा बत्ता हरवला होता. ती वाकून एकेक दगड उचलायची, तळहातावर तोलायची आणि टाकून द्यायची. चौथा मी. तिनं मला उलटा केला, अंगठा खळग्यात टेकवला, हवेतच दोनदा कुटून बघितलं आणि म्हणाली, “हा बरा आहे.” एवढंच. ना फोटो, ना ‘माझ्या मते’. पण मला कामासाठी हातात घेऊन बरोबर पारखणारं माणूस मी एवढंच पाहिलं. बाकी जगात पदव्याच फार.

दोन हंगाम मी मावशीकडे काढले. दिवसातून चार वेळा चहा, आणि चहात आलं पाहिजे हा तिचा हट्ट. फरशीच्या तुकड्यावर आलं ठेवायची आणि मी ते ठेचायचो. भाजीला लसूण, कधी मिरे, तंबूची खुंटी सैल झाली तर खुंटी. माझ्यावर तिचा जीव होता वगैरे काही मनात आणू नका. एकदा तिनं मला मांजरावर फेकून मारलं होतं. मांजर वाचलं, पाण्याचा माठ फुटला.

दुसऱ्या हंगामाच्या अखेरीला कुठल्याशा दुसऱ्या टेकडीवरच्या कुठल्याशा दुसऱ्या सरांना हातोडा-दगड सापडल्याची बातमी आली. झालं. मोठ्या सरांचं जेवणावरचं लक्ष उडालं. आपल्याकडे साठ कुऱ्हाडी आणि त्या घडवणारा एकही हातोडा नाही, म्हणजे कसं दिसतं! दोन दिवस ते मजुरांवर ओरडत होते. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या तंबूत चहा घ्यायला आले आणि त्यांची नजर माझ्यावर गेली. कप खाली ठेवून त्यांनी मला उचललं, चष्मा चढवला आणि बराच वेळ बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत ही घटनाच म्हणायची.

“मावशी, हा कुठला?”

“तुमच्याच ढिगाऱ्यातला. तुम्हीच टाकलेला.”

“मी टाकला?”

“तुम्ही नाही तर काय मी? चौथ्या खड्ड्यातून निघाला होता. का हो, सोन्याचा आहे का?”

“मी नेतो हा.”

“न्या की. दगडांना काय तोटा इथे? पण मला बत्ता आणून द्या, नाहीतर उद्यापासून चहा फिका.”

संध्याकाळी बत्ता आला. शब्दाचा पक्का माणूस.

त्याआधी दुपारी काय झालं ते फक्त मी पाहिलं. मजूर जेवायला बसले होते. सरांनी मला रुमालानं खसाखसा पुसलं, खिशात घातलं आणि ते चौथ्या चरात उतरले. चराच्या भिंतीत, तिसऱ्या थरात, त्यांनी गवंडीकामाच्या करणीच्या टोकानं जागा केली आणि मला आत दाबलं. भोवती माती लिंपली. शेजारी काळ्यापांढऱ्या घरांची मोजपट्टी ठेवली. ‘इथंच होता,’ ते पुटपुटले, ‘इथंच असणार.’ मग फोटो काढला. एकदा नाही, तीनदा काढला.

चोर चोरी करताना निदान चोरी करतोय हे जाणतो. हा माणूस मला माझ्या घरी पोचवत होता. घरही चुकीचं. मी दुसऱ्या थरातला, आणि दोन थरांच्या मधे काही नाही म्हटलं तरी हजारो वर्षं. त्यांनी मला मातीसकट पिशवीत घातलं आणि लेबल लिहिलं: चर चार, थर तीन. न धुतलेला.

दोन वर्षं मी विभागाच्या गोदामात एका पत्र्याच्या पेटीत होतो. मग मला भिंगवालीच्या टेबलावर नेलं.

भिंगवाली हे नाव गोदामवाल्यानं ठेवलेलं. दगडांवर चिकटलेले वनस्पतींचे कण शोधायचे, हे तिचं काम. नेमणूक तीन वर्षांची, त्यातलं तिसरं चालू. तिची खोली जिन्याखाली होती. खिडकी पूर्ण लागत नव्हती, टेबलाचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली घडी घातलेलं जुनं वेळापत्रक होतं. तिथे ती सकाळी नऊला येऊन बसायची. नळीनं माझ्या खळग्यात पाण्याचा थेंब सोडायची, थोड्या वेळानं तो परत ओढून काचपट्टीवर घ्यायची आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायची.

सुरुवातीला मी तिलाही हसलो. माणसाचं आयुष्य केवढं, आणि ही ते पाण्याच्या थेंबात घालवतेय! पण एक मान्य करावं लागेल. दगडागणिक हातमोजे बदलायची. मोज्यांच्या पावडरीची वेगळी काचपट्टी करून बघायची, टेबलावरच्या धुळीची वेगळी, स्वतःच्या डब्यातल्या अन्नाची वेगळी. न जाणो, त्यातलं काही माझ्यावर उडालं असेल. तिनं सगळं तपासलं. लेबल सोडून. लेबलावर मोठ्या सरांचं अक्षर होतं, आणि सरांचं अक्षर भिंगाखाली धरायचं असतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

एका सकाळी तिला माझ्या खळग्यात स्टार्चचे कण दिसले. चपटे, एका टोकाला चोचीसारखे निमुळते. एक नाही, दोन नाही, शेकडो. तिनं नऊ दिवस पुन्हापुन्हा पाहिलं. दहाव्या दिवशी वडिलांना फोन लावला आणि तो टेबलावर ठेवून दिला, कारण हात मोज्यांत होते. वडील शिंपी, आवाजामागे मशीनची घरघर.

“बाबा, एक सापडलंय.”

“जेवलीस का?”

“बाबा, ऐका ना. आल्याच्या जातीचा कंद आहे. चार लाख वर्षांपूर्वी कुणीतरी या दगडानं कुटलाय. आल्यासारखंच काहीतरी!”

मशीन थांबलं. “म्हणजे आता कायम करतील?”

“करतील. सर म्हणाले, हे छापून आलं की करतीलच.”

“मग जेव आता.”

मी तिथेच होतो, तिच्या कोपरापासून वीतभर. ओरडून सांगावंसं वाटलं असं मी म्हणणार नाही. आम्हाला तशी खोड नाही.

निबंध छापून आला. पहिलं नाव सरांचं, दुसरं तिचं. मग वर्तमानपत्रं आली. ‘आदिमानव होता मसाल्यांचा शौकीन!’ माझा फोटो, शेजारी सरांचा, माझ्याहून मोठा. एका वाचकानं पत्र पाठवून पाककृती विचारली. कॅमेरा घेऊन आलेल्या एकानं विचारलं, “त्या काळी चहा होता का?” सर मनापासून हसले. “अहो, चहा कुठला!” तो सोडला तर एवढा अचूक प्रश्न आजवर माझ्याविषयी कुणीच विचारलेला नाही, आणि त्याला तो मूर्खपणानं सुचला होता.

भिंगवालीच्या वडिलांनी ते कात्रण चौकट करून दुकानात आरशावर लावलं. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की त्याच्या डोक्यावर मी.

विभागानं प्रदर्शन भरवलं. मला काचेच्या पेटीत मखमलीवर ठेवलं, वर दिवा सोडला, खाली पाटी: ‘मसाला कुटण्याचा जगातील सर्वांत प्राचीन दगड’. उद्घाटनाला उत्खननावरच्या लोकांनाही बोलावलं होतं, फोटोत कष्टकरी असावेत म्हणून. त्यात मावशी आली. ती रांगेनं एकेक पेटी बघत माझ्यापाशी पोचली. वाकली. कपाळ काचेला लागलं.

“अगं बाई! हा तर माझा गोटा!”

आजूबाजूचे हसले. मोठे सर पाहुण्यांना घेऊन पुढच्या पेटीकडे सरकत होते. ते मागे वळले आणि मोठ्यानं म्हणाले, “आमच्या मावशींना विनोदाची फार आवड!” पाहुणेही हसले. मावशीला आपण काय विनोद केला ते कळेना.

भिंगवाली हसली नाही. ती पेटीच्या या बाजूला आली.

“मावशी, तुमचा म्हणजे?”

“माझा म्हणजे माझा. हा काय तांबडा पट्टा. दोन हंगाम आलं ठेचलंय ह्यानं. तुमच्या सरांनीच तर नेला, त्याबदली बत्ता दिला मला.”

‘आलं’ हा शब्द ऐकल्यावर भिंगवालीच्या चेहऱ्याचं काय झालं ते काचेतून नीट दिसलं नाही. हातातला पाण्याचा पेला मात्र तिनं माझ्या पेटीवर ठेवला, आणि पेटीवर काही ठेवू नये ही सूचना तिनंच लिहिलेली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं गोदामाच्या वहीत सही केली आणि मला कापसात गुंडाळून बाहेर काढलं. मावशी आता बसडेपोमागच्या एका खाणावळीत कामाला होती. स्वयंपाकघर लांबट, धुरानं काळं झालेलं, दाराशी पिठाचे डबे. भिंगवालीनं डबा उघडला.

“मावशी, नीट बघा. नक्की हाच?”

“बघायचं काय त्यात?” म्हणत मावशीनं मला कापसातून उचललं. अंगठा आपोआप खळग्यात गेला. ओट्यावर आल्याचा तुकडा होता. दुसऱ्या हातानं तिनं तो फरशीवर ओढला आणि मला त्यावर आपटलं. “हे असं. आणि मग असं फिरवायचं.”

“अहो मावशी, थांबा!” भिंगवाली ओरडली. तिनं हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. थांबवून आता वाचवायचं काय होतं? माझ्या अंगावरून रस ओघळत होता. ती पिठाच्या डब्यावर बसली.

मावशीनं मला धुतलं, पदराला पुसलं आणि पुढे धरलं. “माझं काही चुकलं का गं?”

“नाही मावशी. तुमचं काहीच चुकलं नाही.”

“मग डोळ्यांत पाणी का?”

“कांद्यानं.”

“कांदा मी अजून चिरलाच नाही.”

तिथून ती मला घेऊन थेट मोठ्या सरांच्या खोलीत गेली. त्यांच्या टेबलावर अभिनंदनाची पत्रं पंख्याच्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून एक हातकुऱ्हाड ठेवलेली होती. त्या कुऱ्हाडीला मी ओळखत नव्हतो, पण तिची दया आली.

“सर, हा दगड दोन वर्षं स्वयंपाकाच्या तंबूत होता.”

“त्याआधी चौथ्या चरात होता. मजुरानं माझ्यासमोर काढलाय. मग मी खोटं काय लिहिलं?”

“जे लिहिलं नाहीत ते.”

“हातोडा-दगड खरा आहे. तो खळगा बघ. माझ्या मते त्यात शंकेला जागाच नाही.”

“खळगा खरा असेल. पण कण मावशीच्या आल्याचे आहेत. आणि सर, तो भिंतीतला फोटो?”

सरांनी चष्मा काढला. दोरीला लोंबकळत तो त्यांच्या पोटावर हलत राहिला. मग त्यांनी आवाज खाली आणला, प्रेमळ केला. तो जास्त वाईट होता.

“तुझी नेमणूक पुढच्या महिन्यात समितीसमोर आहे. ती होऊ दे. मग सावकाश एक छोटी दुरुस्ती छापू. चार लाख वर्षांची गोष्ट आहे, चार महिने थांबली तर काय होतंय?”

“निबंध मागे घ्यायचं पत्र मी काल रात्रीच लिहिलंय. तुमची सही हवी.”

“मी सही करणार नाही. तूही विचार कर. वडिलांचा विचार कर.”

तिनं केला. त्या संध्याकाळी जिन्याखालच्या खोलीत फोन पुन्हा टेबलावर, या वेळी मोजे नसतानाही. तिनं सगळं सांगितलं. पलीकडे मशीन चालू नव्हतं.

“बाबा, मी चुकीचं छापलं.”

“मुद्दाम?”

“नाही.”

“कळलं कधी?”

“काल.”

“मग काल रात्रीच सांगायचं होतंस. शिवण चुकली तर बसल्या बैठकीला उसवावी. एकदा गिऱ्हाईक घालून गेलं की कापडही जातं आणि गिऱ्हाईकही.”

“नोकरी जाईल.”

पलीकडे स्टूल ओढल्याचा आवाज आला. “स्टुलावर चढलोय,” ते म्हणाले. “चौकटीचा खिळा निघत नाहीये. तू तुझं पत्र टाक. आणि जेव.”

पत्र गेलं. निबंध मागे घेतला गेला. मला वाटलं, आता सर तोंड लपवतील. चार लाख वर्षं माणसाला ओळखून मी इतका भाबडा! सरांनी वर्तमानपत्राला निवेदन दिलं: ‘कनिष्ठ सहकाऱ्याकडून नमुना हाताळताना झालेल्या हलगर्जीपणाबद्दल विभागाला खेद आहे. संशोधकाचा प्रामाणिकपणा महत्त्वाचा.’ ते छापून आल्यावर लोक त्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करायला खोलीत येत होते. समितीनं भिंगवालीच्या अर्जावर पाच मिनिटं घेतली. मावशीला पुढच्या हंगामाचं बोलावणं आलं नाही; विनोदाची आवड असलेली माणसं छावणीत नकोत म्हणे.

माझं नाव नोंदवहीतून खोडलं गेलं. ‘संदर्भ नाही’ असा शेरा. मी खरोखर त्या आदिमानवाच्या मुठीतला, खरोखर कुऱ्हाडी घडवलेला, पण ते आता कुणी मानणार नाही. मला त्याचं काही नाही. प्रमाणपत्र मागायला मी आलो नव्हतो. नुकसान झालं ते तुमचं, आणि ते तुमच्याच हातानं.

शेवटच्या दिवशी भिंगवाली गोदामात आली. गोदामवाल्याला म्हणाली, “काम मिळालं. मसाल्यांतली भेसळ तपासायची प्रयोगशाळा आहे. दिवसभर हळद, मिरे आणि आल्याची पूड.”

“म्हणजे आलं काही पाठ सोडत नाही तुमची,” तो म्हणाला. दोघंही हसली. मग तिनं काउंटरवर दोरीनं बांधलेलं पेन ओढलं, एक कार्ड घेतलं आणि उभ्या उभ्या लिहिलं. मी तेव्हापासून ते उशाला घेऊन आहे, मला पाठ आहे.

‘चर चारमधून निघाल्याचं सांगतात. थर माहीत नाही. ढिगाऱ्यावर टाकला. नंतर दोन हंगाम स्वयंपाकाच्या तंबूत. आलं, लसूण, मिरे. खळग्यातल्या कणांवर विसंबू नये. तंबूतून उचलून चराच्या भिंतीत कोणी बसवला:’ आणि पुढे एक रिकामी ओळ. खाली ‘खळगा जुना असू शकेल. मला माहीत नाही.’ आणि तिची सही, तारीख.

‘मला माहीत नाही.’ एवढ्या वर्षांत माणसानं लिहिलेलं ते एकच वाक्य, ज्याला मी हसलो नाही.

जाताना दारात मोठे सर भेटले. ती थांबली. “सर, पेटीत कार्ड ठेवलंय. त्यात एक ओळ रिकामी सोडली आहे. मी भरू शकले असते, मावशींनी सांगितलंच होतं. पण ती ज्याची आहे त्यानं भरावी.”

“बघू,” सर म्हणाले.

बघायला त्यांना अकरा वर्षं लागली. दरम्यान ते दोन समित्यांचे अध्यक्ष झाले, एका सभागृहाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं, आणि मग वयानं निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी दुपारी, हार गळ्यात तसाच, ते एकटे गोदामात आले. पाय ओढत चालत होते. गोदामवाल्याला त्यांनी चहाला पाठवलं. माझी पेटी सगळ्यांत खालच्या फळीवर होती, त्यासाठी त्यांना गुडघे टेकावे लागले. कार्ड काढून त्यांनी चष्म्याखाली धरलं. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. त्यांचे डोळे भरून आले हे खरं. खोटं कशाला सांगू?

मग उठून त्यांनी पेटी काउंटरवर ठेवली, तिथलं ते दोरीचं पेन ओढून घेतलं आणि रिकाम्या ओळीवर एक शब्द लिहिला.

‘मी.’

पेन तिथेच हवेत थांबलं. शेजारी सही करायला जागा होती, भरपूर होती. बाहेर गोदामवाल्याच्या चपला वाजल्या. सरांनी कार्ड पेटीत टाकलं, झाकण लावलं, पेटी पुन्हा खालच्या फळीवर सरकवली, गुडघे झटकले आणि हलक्या पावलांनी निघून गेले. कबुली देऊन मोकळे झाले ना! पापही फिटलं आणि नावही राहिलं.

आणि कार्डावर आता काय आहे? ‘चराच्या भिंतीत कोणी बसवला: मी.’ त्याखाली सही, भिंगवालीची.

गोदामवालाही आता बदलून गेला. मला हात लावायला कुणी येत नाही, आणि यावं अशी माझी इच्छाही नाही. पण तुम्ही लोक उकरल्याशिवाय राहत नाही. आज ना उद्या तुमच्यातलं कुणीतरी हे झाकण उघडेल, कार्ड वाचेल आणि त्या मुलीच्या नावानं बोटं मोडेल. तुमच्याकडे मी आजवर काही मागितलं नाही. आज मागतो. शाई एकच आहे, तिच्यावर जाऊ नका. अक्षर बघा. तिची अक्षरं उभी, शिवणीच्या टाक्यांसारखी एका अंतरावर. तो एक शब्द तिरका आहे आणि त्याची वेलांटी कापरी आहे. मी किती जुना हे तुम्हाला नाही कळलं तरी चालेल. तो ‘मी’ कोणाचा, एवढं ओळखा.